‘आपल्याकडे स्पोर्ट्स कल्चरच नाही’ म्हणणं सोपं. पण हे कल्चर येतं तरी कुठून?

ऑलिम्पिक संपतं, पदकतक्त्यात भारत बराच खाली दिसतो आणि मग दर चार वर्षांनी एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘आपल्याकडे स्पोर्ट्स कल्चरच नाही.’ २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारताने ६ पदकं जिंकली, त्यात सुवर्ण एकही नव्हतं. तेव्हाही सोशल मीडियापासून चहाच्या टपरीपर्यंत हेच वाक्य फिरत होतं.

या वाक्याची अडचण अशी, की ते उच्चारलं की विषय संपतो. कल्चर म्हणजे जणू हवामान. नॉर्वेत बर्फ पडतो, जपानी माणसं शिस्तीची, अमेरिकेकडे पैसा. आपल्याकडे यातलं काही नाही, मग करणार काय?

पण या देशांच्या शाळा आणि मैदानांचा इतिहास जरा उलगडून पाहिला, तर वेगळंच चित्र दिसतं. ज्याला आपण तिथलं कल्चर म्हणतो, त्यावर बहुतेक वेळा एक तारीख सापडते. कुठे कायद्याची, कुठे नियमावलीची, कुठे एखाद्या अपघाताची. देशाचा स्वभाव खेळात उतरतो हे खरंच. मात्र तो आपोआप उतरत नाही. कुणीतरी तो शाळेच्या वेळापत्रकात, क्लबच्या नियमात आणि बजेटमध्ये लिहिलेला असतो. अशी चार उदाहरणं आणि त्यानंतर आपल्या पीटीच्या तासाचा हिशोब.

नॉर्वे : लहान मुलांना ‘पहिला कोण?’ विचारायचं नाही

नॉर्वेची लोकसंख्या साधारण ५५ लाख, म्हणजे आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यापेक्षा कमी. या देशाने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १६ सुवर्णांसह ३७ पदकं जिंकली. पदकांची इतकी भूक असलेल्या देशात लहान मुलांच्या स्पर्धा कशा असतील? आपल्या अंदाजाच्या अगदी उलट.

तिथल्या राष्ट्रीय क्रीडा महासंघाने १९८७ मध्ये मुलांच्या खेळासाठी नियम केले आणि २००७ मध्ये त्याला मुलांच्या हक्कांची जोड दिली. मूल ११ वर्षांचं होईपर्यंत त्याच्या स्पर्धांचे निकाल, गुणतक्ते, क्रमवारी जाहीर करायची नाही. १३ व्या वर्षाआधी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाही. लहान वयात बक्षीस द्यायचं असेल तर सगळ्यांना द्यायचं. कोणता खेळ खेळायचा आणि किती सराव करायचा, यात मुलाचं म्हणणं ऐकायचं.

यामागे तिथला समाज आहे. स्वतःला इतरांपेक्षा वरचढ समजू नये, हा संस्कार स्कॅन्डिनेव्हियात खोलवर रुजलेला आहे. मोकळ्या निसर्गात फिरणं हा तिथे जगण्याचाच भाग मानतात आणि त्यालाही कायद्याचा आधार आहे. १९५७ च्या कायद्यानुसार लागवडीखाली नसलेल्या जमिनीवर, ती खासगी मालकीची असली तरी, कुणीही पायी फिरू शकतो. गावातल्या क्लबमध्ये प्रशिक्षक म्हणून उभे असतात ते मुलांचेच आईबाबा, तेही बिनपगारी.

या व्यवस्थेतून आलेला एक खेळाडू म्हणजे कार्स्टन वारहोम. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर हर्डल्स ४५.९४ सेकंदांत पूर्ण करून त्याने विश्वविक्रम केला. पण २०१३ मध्ये तो युवा जगज्जेता झाला होता तो ऑक्टॅथ्लॉनमध्ये, म्हणजे आठ प्रकारांच्या स्पर्धेत. त्याला एकाच शर्यतीसाठी लहानपणापासून घासलेलं नव्हतं.

नॉर्वेतही या नियमांवर टीका होते. हुशार मुलांना आव्हान मिळत नाही, असं काहींना वाटतं. तरी पायाभूत हिशोब सरळ आहे. दहाव्या वर्षी हरण्याच्या भीतीने मैदान सोडलेलं मूल विसाव्या वर्षी चॅम्पियन होण्याची शक्यता शून्य. जितकी मुलं मैदानात टिकतील, तितकी पुढे निवड मोठी.

जपान : बोट बुडाली आणि शाळांत तलाव आले

११ मे १९५५. जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रात दाट धुक्यात ‘शिउन मारू’ ही प्रवासी बोट दुसऱ्या जहाजाला धडकून बुडाली. १६८ जण गेले. त्यात १०० शाळकरी मुलं होती, शाळेच्या सहलीला निघालेली. देश हादरला. पुढच्या काळात शाळाशाळांत पोहण्याचे तलाव बांधले गेले आणि पोहणं हा शारीरिक शिक्षणाचा नेहमीचा भाग झाला. आज कुणी ‘जपानी मुलांना पोहता येतंच’ म्हणालं, तर त्यामागे समुद्राचं प्रेम कमी आणि त्या दिवसाची आठवण जास्त आहे.

सकाळच्या रेडिओ कवायतीचंही तसंच. १९२८ मध्ये ती सुरू झाली, तिची कल्पना अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या रेडिओ कार्यक्रमावरून आलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती थांबली आणि १९५१ मध्ये नव्या रूपात परतली. अजूनही सकाळी साडेसहाला एनएचके रेडिओवर पियानो वाजतो आणि बागांमध्ये आजीआजोबा हात वर करून उभे असतात. ‘अस्सल जपानी’ वाटणारी ही गोष्ट मुळात आयात केलेली आहे.

जपानने या सगळ्यात आपला स्वभाव मिसळला. शाळेच्या वार्षिक क्रीडादिनाला, उंदोकाईला, मुलं लाल आणि पांढऱ्या गटांत विभागली जातात. रिले, रस्सीखेच, सामूहिक नृत्य असं सगळं गटासाठी असतं. शाळा सुटल्यावर चालणाऱ्या क्लबमध्ये, ज्याला ते ‘बुकात्सु’ म्हणतात, नवख्यांनी मोठ्यांचं ऐकायचं आणि मैदान स्वतः झाडायचं.

याच शिस्तीची काळी बाजूही आहे. डिसेंबर २०१२ मध्ये ओसाकातल्या एका सरकारी शाळेच्या बास्केटबॉल कर्णधाराने प्रशिक्षकाच्या मारहाणीनंतर आत्महत्या केली. ‘मारल्याशिवाय खेळाडू घडत नाही’ या समजुतीवर त्यानंतर देशभर चर्चा झाली. २०१८ मध्ये सरकारी मार्गदर्शक सूचना आल्या : आठवड्यातून किमान दोन दिवस सुट्टी, शाळेच्या दिवशी सराव साधारण दोन तास, सुट्टीच्या दिवशी तीन. २०२२ मध्ये तर जपानच्या ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. इतक्या लहान वयात ‘काहीही करून जिंक’ हा दबाव नको, हे त्यामागचं कारण. ज्युदोची जन्मभूमी असलेला देश नॉर्वेच्या दिशेने एक पाऊल सरकला. म्हणजे ज्याला ‘रक्तातली शिस्त’ म्हणतात, तीही बदलता येते.

अमेरिका : ३७ शब्दांनी मुली मैदानात आल्या

अमेरिकेत खेळ शाळेशी बांधलेला आहे. शुक्रवारी रात्री हायस्कूलचा फुटबॉल सामना असला की छोटं गाव अख्खं स्टेडियमवर. पण १९७० च्या आसपास हे कल्चर प्रामुख्याने मुलग्यांचं होतं. १९७१-७२ या शैक्षणिक वर्षात हायस्कूलच्या संघांत मुली होत्या तीन लाखांहूनही कमी.

२३ जून १९७२ रोजी ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. त्याचं मुख्य कलम इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचं. सरकारी मदत घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगाच्या आधारे भेदभाव करता येणार नाही, एवढंच ते सांगतं. त्यात ‘खेळ’ हा शब्दसुद्धा नाही. पण शाळेचा संघ हा शिक्षणाचाच भाग असल्याने मुलींनाही संघ, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्ती देणं भाग पडलं. आज हायस्कूलच्या संघांत खेळणाऱ्या मुलींची संख्या ३० लाखांच्या वर आहे. पॅरिसमध्ये अमेरिकेने जिंकलेल्या १२६ पदकांपैकी निम्म्याहून अधिक महिलांनी आणली.

‘मुलींना खेळात रसच नसतो’ असं १९७१ मध्ये आकडे दाखवून सांगता आलं असतं. आकडे खरे होते, निष्कर्ष चुकीचा. संधीच नव्हती, तर रस मोजणार कशाने?

अमेरिकेचं सगळंच उचलण्यासारखं नाही. तिथे शाळेबाहेरचे खासगी क्लब, प्रवास, प्रशिक्षण यांचा खर्च इतका वाढला आहे, की साध्या कुटुंबातलं मूल लवकर गळतं. बाजारावर चालणाऱ्या समाजाचा स्वभाव खेळातही उतरला आहे.

आइसलँड : लातूरपेक्षा लहान देश

आइसलँडची लोकसंख्या २०१६ मध्ये साधारण ३ लाख ३० हजार होती. लातूर शहरापेक्षाही कमी. त्या वर्षी या देशाच्या फुटबॉल संघाने युरो स्पर्धेत इंग्लंडला २-१ ने हरवलं. २०१८ मध्ये तो विश्वचषकाला पात्र ठरला, तोवरचा सर्वांत लहान देश. प्रशिक्षक व्यवसायाने दंतवैद्य.

त्याआधीची वीस वर्षं पाहायला हवीत. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं गेल्या महिनाभरात दारू पिऊन झिंगल्याचं सर्वेक्षणात सांगत होती. सरकार, शाळा, पालक आणि संशोधक एकत्र आले. मुलांना ‘पिऊ नका’ म्हणून व्याख्यानं देण्यापेक्षा संध्याकाळी त्यांना दुसरं काहीतरी करायला द्यायचं ठरलं. क्लबला पैसे मिळाले. राजधानी रेक्याविकमध्ये प्रत्येक मुलामागे खेळ, संगीत अशा छंदांसाठी ठरावीक रक्कम मिळू लागली. थंडीतही खेळता यावं म्हणून छताखालची पूर्ण आकाराची फुटबॉल मैदानं उभी राहिली. लहानग्यांनाही रीतसर परवाना असलेले प्रशिक्षक मिळाले. २०१६ पर्यंत तो ४२ टक्क्यांचा आकडा ५ टक्क्यांवर आला.

म्हणजे फुटबॉल संघ हा या कथेतला बोनस. मूळ प्रश्न होता, आपली मुलं संध्याकाळी करतात काय?

पदकं वेगळी, मुलं वेगळी

इथे एक घोळ टाळायला हवा. पदकं जास्त म्हणजे मुलं तंदुरुस्त, असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १४६ देशांतल्या ११ ते १७ वयोगटातल्या मुलांच्या हालचालीचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. रोज किमान एक तास शारीरिक हालचाल हा निकष. जगातली ८१ टक्के मुलं त्यात नापास झाली. पॅरिसमध्ये १३ सुवर्णपदकं जिंकणाऱ्या दक्षिण कोरियात हे प्रमाण तब्बल ९४ टक्के. क्लास, परीक्षा आणि पुन्हा क्लास अशा दिवसात बहुसंख्य मुलांसाठी मैदानच उरत नाही.

भारताची स्थिती या यादीत तुलनेने बरी होती. पण खूश होण्याआधी तज्ज्ञांनी सुचवलेलं कारण वाचायला हवं. मुलगे क्रिकेटमुळे हलतात आणि मुली बहुधा घरकामामुळे. पाणी भरणं, झाडलोट, भांडी यांची गणती व्यायामात झाली. देशाची संस्कृती आकड्यांत कशी लपते, याचं याहून बोलकं उदाहरण मिळणं कठीण.

मग आपल्या पीटीच्या तासाचं काय?

महाराष्ट्राकडे खेळाची परंपरा नाही, असं म्हणणं इतिहासाला धरून नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबाग मैदान उभं केलं, तालमी जगवल्या. त्याच कोल्हापुरात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक जिंकलं. १९१४ मध्ये अमरावतीत सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. इथेही कल्चर कुणाच्या तरी निर्णयातूनच आलं : एका राजाच्या, एका संस्थेच्या.

शाळेत मात्र जे रुजलं ते ब्रिटिश काळातलं ‘ड्रिल’. सावधान, विश्राम, रांगेत उभे राहा. मुलाचं शरीर आवरायचं, खुलवायचं नाही. आजही अनेक शाळांत पीटीचा तास म्हणजे रांग, हजेरी आणि मग ‘गणिताचा पोर्शन राहिलाय’ म्हणून गणिताच्या शिक्षकांना दिलेला तास.

कागदावर परिस्थिती इतकी वाईट नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ शाळेसाठी मैदान ही आवश्यक बाब मानतो. उच्च प्राथमिक वर्गांत शंभराहून अधिक मुलं असतील, तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असंही सांगतो. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण खेळाला ‘अभ्यासेतर’ कप्प्यात टाकू नका म्हणतं. नियम आहेत. पण पीटीचा तास बुडाला म्हणून शाळेत तक्रार करायला किती पालक जातात? गणिताचा बुडाला तर रांग लागते.

दहावी-बारावीला ठरावीक पातळीवरच्या स्पर्धा खेळणाऱ्यांना क्रीडा गुणांची सवलत मिळते. हेतू चांगला आहे, खेळाडूंचं अभ्यासाचं नुकसान भरून निघतं. पण त्यातून घराघरात संदेश जातो तो असा : खेळ म्हणजे टक्केवारी वाढवण्याचा एक मार्ग. जिल्ह्याच्या संघात न पोचणाऱ्या बाकीच्या मुलांसाठी त्या मार्गावर काहीच नाही.

पोलीस भरतीचं मैदान काय सांगतं?

‘कल्चर नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा पहाटे पाचला तालुक्याच्या मैदानावर जावं. अंधारात पोरं-पोरी धावत असतात. मोबाइलवर वेळ लावलेली, शेजारी गोळाफेकीचा सराव. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. पुरुषांसाठी १६०० मीटर, महिलांसाठी ८०० मीटर, सोबत १०० मीटर आणि गोळाफेक. ना सरकारी प्रशिक्षक, ना सिंथेटिक ट्रॅक, तरी गावोगाव धावण्याचं एक कल्चर उभं राहिलं. ज्या घरात ‘पोरीनं बाहेर कशाला पळायचं?’ असं विचारलं जायचं, तिथले वडील आता मुलीला पहाटे मैदानावर सोडायला येतात.

हे कशामुळे झालं? एका नियमामुळे. धावण्याला गुण मिळाले, गुणांना नोकरी जोडली गेली आणि समाजाने आपली सवय बदलली. त्याची मर्यादाही तिथेच आहे. भरती झाली किंवा वयाची अट ओलांडली की धावणं थांबतं. कारण ते नोकरीसाठी होतं, शरीरासाठी किंवा आनंदासाठी नव्हतं. नियमाने जे मागितलं, तेवढंच मिळालं.

‘पण ते श्रीमंत देश आहेत’

हा आक्षेप रास्त आहे. आइसलँडसारखी बंदिस्त मैदानं किंवा जपानसारखे शाळांतले तलाव जिल्हा परिषदेच्या शाळेला परवडणार नाहीत. पण या चार देशांच्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी फुकट आहेत. चौथीतल्या मुलांचा क्रमांक न लावायला पैसे लागत नाहीत. पीटीचा तास दुसऱ्या विषयाला न देण्याचं परिपत्रक काढायला निधी लागत नाही. आठवड्यातून दोन दिवस मैदान फक्त मुलींसाठी ठेवायला टेंडर काढावं लागत नाही. शाळा सुटल्यावर मैदानाचं फाटक संध्याकाळी दोन तास उघडं ठेवायला लागतो एक माणूस आणि त्याचा पगार. गल्लीत गाड्यांच्या मधून क्रिकेट खेळणाऱ्या शहरातल्या मुलांसाठी ते दोन तास बरंच काही बदलू शकतात.

खरा खर्च वेगळा आहे. आधी ठरवावं लागेल, की शाळेतल्या खेळाकडून आपल्याला हवंय काय? नॉर्वेने ठरवलं, मूल मैदानात टिकायला हवं. जपानने ठरवलं, मूल पाण्यात बुडायला नको आणि गटात राहायला शिकायला हवं. अमेरिकेने ठरवलं, मुलींना वगळता येणार नाही. आइसलँडने ठरवलं, संध्याकाळ रिकामी नको. प्रत्येकाचं उत्तर वेगळं, कारण प्रत्येकाची भीती आणि स्वप्नं वेगळी. आपलं उत्तर आज ‘पदक’ आणि ‘ग्रेस मार्क’ यांच्यामध्ये अडकलेलं आहे. वर्गातल्या चाळीसपैकी एखाद्याला पदकाचं स्वप्न पडेल. उरलेल्या एकोणचाळीस जणांच्या गुडघ्यांचं, श्वासाचं आणि हसण्याचं काय, हे त्या उत्तरात नाही.

याची सुरुवात मंत्रालयातूनच व्हायला हवी, असंही नाही. पुढच्या पालकसभेत टक्केवारी आणि क्लासच्या चर्चेनंतर एक प्रश्न विचारता येईल : गेल्या महिन्यात पीटीचे किती तास ठरले होते आणि त्यातले प्रत्यक्ष किती झाले? चार-पाच पालकांनी दर महिन्याला हा आकडा मागितला, तर शाळेला तो लिहून ठेवावाच लागेल.